पेठेचा कार्बन आराखडा पेठेतल्या लोकांना बरोबर घेऊन कसा करायचा

कार्बन आराखडा म्हणजे पेठेतून किती कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो कसा कमी करायचा याची योजना. ती आधी छापायची आणि मग 'सूचना व हरकती' मागवायच्या, या पद्धतीत सूचना फार येत नाहीत, हरकती मात्र ढीगभर येतात. ज्या कोल्हापूरने रस्त्यावर उतरून टोल बंद पाडला, तिथे न विचारता ठरवलेलं काही चालेल अशी अपेक्षाच धरू नये. कार्बन उत्सर्जन कमी करणं म्हणजे शेवटी कुणीतरी गिझर कमी वेळ लावायचा, कुणीतरी सामाईक गच्चीवर पॅनेल बसू द्यायचे, कुणीतरी जवळच्या कामाला मोपेड न काढता चालत जायचं. हे निर्णय घराघरांत होतात. म्हणून काय मोजायचं हे ठरवतानाच घरातली माणसं सोबत पाहिजेत. नुसत्या मंजुरीसाठी शेवटी बोलावून भागत नाही.

हा लेख तालीम मंडळ, कॉलनीचा संघ, अपार्टमेंटची सोसायटी, महिला बचत गट किंवा कॉलेजचा एखादा गट यांच्यासाठी आहे. सुरुवातीपासून मागण्यांचं पत्र देईपर्यंत सहा ते आठ महिने धरा. जून-जुलैमध्ये सुरुवात केलीत तर डिसेंबरपर्यंत हातात काहीतरी असेल. डिसेंबरच का, ते पुढे येईल.

हद्द आणि वर्ष

अख्खं शहर घेऊ नका. 300 ते 800 घरांचा भाग पुरे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या जुन्या भागात एका तालमीच्या आसपासच्या गल्ल्या, राजारामपुरीत दोन-तीन गल्ल्या, उपनगरात एक कॉलनी. प्रभागाची हद्द धरू नका, ती निवडणुकीगणिक बदलते आणि पुढच्या वेळी तुलनाच करता येत नाही. गल्ल्यांची नावं लिहा, नकाशावर रेघ मारा आणि ती रेघ पुन्हा हलवू नका.

हद्दीत कारखाना येत असेल तर त्याचा हिशोब वेगळ्या पानावर ठेवा. उद्यमनगराला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये हा प्रश्न हमखास येतो. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते. महिन्याला 120 युनिट वापरणाऱ्या पाच घरांचा तो महिनाभराचा वापर झाला. दोन्ही एकाच बेरजेत घातलंत तर फौंड्रीला एक मोठी ऑर्डर आली की पेठेने वर्षभर वाचवलेलं सगळं त्यात बुडून जातं. मग पुढच्या वर्षी कोण कशाला काही करेल?

आधारवर्ष, म्हणजे पुढची तुलना ज्याच्याशी करायची ते वर्ष, म्हणून 2019 किंवा 2021 घेऊ नका. पुराच्या वर्षात निम्मी घरं महिनाभर बंद, मीटर बदललेले, बिलं सरासरीने आलेली. 2020 टाळेबंदीमुळे बाद. अलीकडचं एक पूर्ण आर्थिक वर्ष घ्या, एप्रिल ते मार्च.

सोबत कोण हवं

आठ-दहा जणांचा गट पुरतो, पण त्यात कोण आहे याकडे लक्ष द्या. मंडळाचे दोन कार्यकर्ते, बचत गटातल्या दोन-तीन महिला, एक भाडेकरू, रिक्षा स्टॉपवरचा एक जण, एक इलेक्ट्रिशियन, गल्लीतला एक दुकानदार आणि हिशोबाला पक्का असा कुणीतरी निवृत्त माणूस. इलेक्ट्रिशियन विसरू नका. कुणाच्या घरात कसलं वायरिंग आहे आणि कुठल्या अपार्टमेंटची मोटर रात्रभर चालू राहते, हे सगळ्या पेठेत त्यालाच ठाऊक असतं.

निवडणुकीच्या तयारीत असलेल्यांना गटात घेऊ नका, भले ते सख्खे मित्र असोत. सभेला जरूर बोलवा, सगळ्यांना एकाच वेळी बोलवा आणि खाली बसवा. एकाचा फोटो डिजिटल फलकावर आला की अर्धी पेठ तिथेच गळते.

बिलं गोळा करणं

इथेच बहुतेक गट अडकतात. दारात जाऊन "लाईट बिल दाखवा" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "कशाला पायजे? लाईट तोडायला आलायसा काय?" म्हणून पहिल्या फेरीत काहीच मागू नका. गटातल्या आठ-दहा जणांनी आधी स्वतःच्या घरांची बिलं मांडून हिशोब करावा आणि तो चौकातल्या फळ्यावर नावानिशी लिहावा. चार दिवसांनी गेलात की लोकच विचारतात, आमचं किती होतंय?

सगळ्या घरांची माहिती लागत नाही. 500 घरं असतील तर 60 ते 70 पुरेत, पण ती आलटून-पालटून निवडलेली हवीत. गल्लीच्या टोकापासून दर सातवं दार घ्या. ओळखीच्यांकडेच गेलात तर काटकसरी आणि उत्साही घरं जास्त येतात आणि पेठेचा आकडा खोटाच कमी दिसतो. जुना वाडा, फ्लॅट, बंगला आणि झोपडपट्टी यांतलं प्रत्येकी किमान दहा घरांचं तरी माप असू द्या. दार बंद असेल तर संध्याकाळी सातनंतर पुन्हा जा. शेजारचं दार घेऊन पुढे जाऊ नका. दिवसा बंद असलेलं घर म्हणजे नवरा-बायको दोघंही नोकरीवर असलेलं घर, आणि त्यांचा पेट्रोलचा खर्च वेगळा असतो.

प्रत्येक घरी चारच प्रश्न:

1. वर्षभराचे वीज युनिट. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता छापलेला असतो, त्यामुळे सहसा एकच बिल पुरतं. रुपये लिहू नका, युनिट लिहा. रुपयांत दर, स्थिर आकार आणि थकबाकी मिसळलेली असते.
2. वर्षात किती सिलिंडर लागले. आठवत नसेल तर मोबाईलमधले बुकिंगचे मेसेज बघायला सांगा.
3. आठवड्याला किती रुपयांचं पेट्रोल किंवा डिझेल. लिटर विचारलं तर अंदाजे उत्तर येतं, रुपये मात्र बरोबर सांगतात. त्या दिवसाच्या दराने भागा.
4. ओला कचरा कुठे जातो: घंटागाडीत, कोपऱ्यावर, की घरीच खत होतं?

यासोबत घरात माणसं किती आणि घर स्वतःचं की भाड्याचं, एवढंच लिहा. नाव आणि ग्राहक क्रमांक कागदावर येऊ देऊ नका, नुसता अनुक्रमांक टाका. कुठल्या अनुक्रमांकाचं कुठलं घर, याची यादी वेगळ्या वहीत आणि ती वही एकाच माणसाकडे.

हिशोबासाठी हे आकडे वापरा. विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.72 किलो कार्बन डायऑक्साइड. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा देशभराचा सरासरी आकडा अलीकडच्या वर्षांत याच्या आसपास आहे. पेट्रोल लिटरला 2.3 किलो, डिझेल 2.7 किलो. घरगुती गॅसचा 14.2 किलोचा सिलिंडर म्हणजे सुमारे 42 किलो.

एक घर धरा: महिन्याला 120 युनिट, वर्षाला आठ सिलिंडर, महिन्याला 25 लिटर पेट्रोल. विजेचे 1,037 किलो, गॅसचे 336, पेट्रोलचे 690. बेरीज दोन टनांच्या जरा वर. हा हिशोब लोकांसमोर पाटीवर करून दाखवा, तयार आकडा सांगू नका. बेरीज डोळ्यांसमोर होताना पाहिली की "गॅसपेक्षा गाडीच जास्त खातीय की" हे वाक्य समोरून येतं, आणि ते त्यांचं असतं.

पाणी तापवायच्या बंबाचा प्रश्न निघतोच. लाकूड किंवा उसाचं चिपाड जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड अशा हिशोबात जीवाश्म इंधनाच्या बेरजेत धरत नाहीत, कारण तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. चिपाडावर चालणाऱ्या गुऱ्हाळाचंही तेच. पण बंबाचा धूर फुफ्फुसाला लागतो. म्हणून तक्त्यात त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवा आणि 'बंब बरा' असा अर्थ कुणी काढू लागलं तर तिथेच थांबवा. प्लास्टिक पेटवून बंब लावणारी घरंही असतात, ती नोंद वेगळी.

पथदिवे आणि पाणीउपसा यांची वीज घराच्या बिलात येत नाही. ती माहिती महापालिकेकडे मागा, न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात. महाराष्ट्रातले नियम लक्षात ठेवा: अर्ज एकाच विषयावर, 150 शब्दांच्या आत, 10 रुपये शुल्क, उत्तराची मुदत 30 दिवस. 'पथदिव्यांची सर्व माहिती द्या' असं लिहिलं तर 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर येतं. गल्लीचं नाव, खांबांची संख्या, त्या जोडणीचे बारा महिन्यांचे युनिट, इतकं नेमकं मागा.

मोठ्या सभेआधी छोट्या बैठका

चौकातली सभा म्हणजे पुरुषांची सभा. बायका आल्या तरी मागे उभ्या राहतात आणि बोलतात ते घरी गेल्यावर. म्हणून तुम्ही त्यांच्याकडे जा. बचत गटाची महिन्याची बैठक, अंगणवाडी, आणि श्रावणातली हळदीकुंकवं. गॅस, गिझर, कचरा, पाण्याची वेळ या चारही गोष्टी त्यांच्या हातात असतात. पाणी पहाटे येत असेल तर मोटर पहाटे चालते, आणि ती बंद कोण करतं हे त्यांनाच विचारा.

रिक्षा स्टॉपवर दुपारी दोन ते चार जा, तेव्हा धंदा कमी असतो. कामगारांना पाळी सुटताना गाठू नका, घाईत असतात. साप्ताहिक सुट्टीला गाठा. खानावळी आणि भाड्याच्या खोल्यांतले विद्यार्थी जेवायच्या वेळी भेटतात. बैठक अर्ध्या तासाची, आठ-दहा जणांची. प्रश्न दोनच: तुमच्याकडे सगळ्यात जास्त खर्च कशावर जातो, आणि तो कमी करायला काय आड येतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्द न बदलता लिहून घ्या. 'मालक गच्चीवर जाऊ देत नाही' हे वाक्य 'जागेची अडचण' असं लिहिलंत की उपाय हरवला.

मोठी सभा

तारीख ठरवताना गणेशोत्सव, नवरात्र, जोतिबाची यात्रा आणि शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची महत्त्वाची मॅच एवढं टाळा. पाटाकडील किंवा दिलबहारचा सामना असेल त्या संध्याकाळी हॉलमध्ये तुम्ही आणि खुर्च्या. रविवारी सकाळी नऊ ते अकरा ही वेळ बरी. तालमीचा हॉल चालतो, पण काही घरांतल्या बायका तालमीत येत नाहीत. मग शाळेचा वर्ग मागा.

सामान फार लागत नाही. पेठेचा मोठा छापील नकाशा, निदान चार फूट रुंद, घरं ओळखू येतील असा. तीन रंगांच्या टिकल्या. प्रत्येक उपायासाठी एक झाकणाचा डबा, झाकणाला भोक. आणि चिंचोके.

पहिली 15 मिनिटं फक्त पेठेचे आकडे. भाषण नाही, सत्कार नाही, नारळ नाही. मग सहा-आठ जणांचे गट पाडा आणि 40 मिनिटं नकाशा: कचरा पेटतो तिथे लाल टिकली, दिवसाही दिवे जळतात तिथे पिवळी, सावली न पडणारी मोठी गच्ची तिथे हिरवी. प्रत्येक गटात एक लिहिणारा, आणि तो मंडळाचा पदाधिकारी नको. नंतर अर्धा तास गटागटाने काय दिसलं ते सांगायचं, शेवटी मतं.

मतासाठी प्रत्येकाला पाच चिंचोके. एका डब्यात जास्तीत जास्त दोन. महिलांना चिंचोके दिले तर पुरुषांना राजम्याचे दाणे द्या. मतं गुप्त राहतात, तरी कुणाची पसंती कशाला हे वेगवेगळं मोजता येतं. हात वर करून मत घेतलं तर पहिल्या रांगेतल्या दोन माणसांकडे बघून बाकीचे हात वर जातात. डबे ओतून मोजणी सगळ्यांसमोर करा आणि आकडा तिथेच फळ्यावर लिहा.

सभा खड्डे आणि पाण्यावर घसरणार, हे धरूनच चला. अडवू नका. भिंतीवर 'इतर तक्रारी' असा वेगळा कागद लावून ठेवा, तिथे लिहा आणि त्याच आठवड्यात तो कागद विभागीय कार्यालयात द्या. ते केलं नाही तर पुढच्या सभेला त्यातली माणसं येत नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच असतं.

पुराचा विषय कुणीतरी काढेलच. सुतारवाडा, जामदार क्लब, शाहूपुरी कुंभार गल्ली या भागांत पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी गाठून 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकलं, की लोक सामान वर चढवायला लागतात. 'दिवे बंद करा म्हणजे पूर येणार नाही' असं कधीही म्हणू नका. एका पेठेच्या बचतीने पंचगंगेची पातळी इंचभरही हलणार नाही, आणि हे लोकांना चांगलं कळतं. पुराचा संबंध वेगळ्या जागी आहे: सोलरचा इन्व्हर्टर, मीटरची पेटी, मोटरचं स्टार्टर हे 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवायचं, ही अट आराखड्यातच घाला.

उपाय तोलून बघणं

मतं पडलेला प्रत्येक उपाय एका ओळीत लिहा: वर्षाला किती किलो वाचतील, खर्च किती, निर्णय कुणाच्या हातात, फायदा कुणाला. शेवटचा रकाना सोडू नका. भाड्याच्या घरात पॅनेलचा खर्च मालकाने करायचा आणि बिल भाडेकरूचं कमी होणार असेल, तर मालक हलणार नाही. वाचलेल्या बिलातून महिन्याला ठराविक रक्कम मालकाला, असा लेखी समझोता आधी करून घ्या.

काही ढोबळ मापं. साधा छताचा पंखा 75 वॅटच्या आसपास, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 ते 35. दिवसाला 12 तास, वर्षात 300 दिवस चालला तर पंख्यामागे साधारण 145 युनिट वाचतात, म्हणजे शंभर किलोच्या वर. 100 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला जवळपास तीन युनिट लागतात, म्हणून सोलर हीटर चांगला. पण जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या आभाळात ऊन शोधावं लागतं. तेव्हा गिझर लागणारच, ते बचतीतून आधीच वजा करा. सोलर पॅनेलला एका किलोवॅटमागे सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाकाठी 1,300 ते 1,400 युनिट मिळतात. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती अनुदान एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा जास्तला 78,000 रुपये ठरवलेलं आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000. अर्ज करण्याआधी पोर्टलवर चालू दर बघाच. जुन्या कौलारू वाड्यावर पॅनेलचा हट्ट धरू नका. वाशांची ताकद आणि हिस्सेदारांच्या सह्या, दोन्ही कमी पडतात.

गणेशोत्सवात जनरेटर असतोच. लिटरभर डिझेलला साधारण तीन-साडेतीन युनिट निघतात, म्हणजे त्याची वीज महावितरणच्या विजेपेक्षा कार्बनलाही जास्त आणि पैशालाही. मंडळांना उत्सवासाठी तात्पुरती जोडणी मिळते. हा उपाय मंडळाच्या एका बैठकीत ठरतो, म्हणून यादीत वरच ठेवा.

ओल्या कचऱ्याला बहुतेक ठिकाणी भरपूर चिंचोके पडतात आणि तोच तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो. ढिगात हवेशिवाय कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो, म्हणून काम महत्त्वाचं आहे. पाच माणसांच्या घरात रोज किलोभर ओला कचरा धरा. त्याला 80 लिटरचे दोन डबे, बाजूने आणि तळाला भोकं, तळाशी चार बोटं काड्या किंवा नारळाच्या शेंड्या. एक वाटी ओल्याला दोन वाट्या वाळलेला पाला. सुरुवातीला पसाभर जुनं खत, नाहीतर गूळ घातलेलं आंबट ताक शिंपडा. एक डबा भरला की दुसरा सुरू, पहिला दीड-दोन महिने झाकून ठेवायचा. वास आला तर पाणी जास्त झालं, पाला वाढवा आणि ढवळा. चिलटं आली तर वरचा थर उघडा राहिला. मुंग्या झाल्या तर फार कोरडं झालं. रविवारच्या मटणाची हाडं यात नकोत: ती लवकर कुजत नाहीत, मांजरं मात्र डबा उलथवतात. पाला पावसाळ्यात मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच पोती भरून ठेवा. बंद पडायचं खरं कारण सहसा हेच, पाला संपलेला असतो.

वाहतुकीबद्दल पेठेच्या पातळीवर फार मोठी स्वप्नं रंगवू नका. बसच्या फेऱ्या वाढवणं तुमच्या हातात नाही. एकाच शाळेला जाणाऱ्या मुलांची यादी करून सामाईक रिक्षा लावणं हातात आहे.

कागद, पोच, फळा

यादीचे दोन भाग करा: आपण करायचं आणि महापालिकेकडे मागायचं. मागणीचं पत्र दोन प्रतींत घेऊन आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयात द्या. शहरात गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार आहेत. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हे डिसेंबरअखेर झालं पाहिजे, कारण नवीन अंदाजपत्रक एप्रिलपासून लागू होतं आणि त्याची जुळवाजुळव आधीच सुरू झालेली असते. मार्चमध्ये दिलेलं पत्र वर्षभर फायलीत पडून राहतं. पत्रात राज्याच्या पर्यावरणासाठीच्या माझी वसुंधरा अभियानाचा उल्लेख करा. 2020 पासून चालू असलेल्या या अभियानात शहरांना गुण मिळतात, त्यामुळे अधिकाऱ्यालाही तुमचं काम दाखवायला उपयोगी पडतं.

सभेनंतर 15 दिवसांत प्रत्येक सूचनेचं काय झालं ते तालमीच्या फळ्यावर लिहा. घेतली, घेतली नाही आणि का नाही. 'घेतली नाही' ही ओळ लिहायला जीव कचरतो, पण लोक तीच आधी वाचतात.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी त्याच नमुना घरांचे युनिट घ्या. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा, एप्रिल-मेची एप्रिल-मेशीच. आकडा घरटी काढा, कारण मधे एखादं नवीन अपार्टमेंट उभं राहिलं तर पेठेची एकूण बेरीज वाढणारच. घर विकलं गेलं किंवा भाडेकरू बदलला तर तो अनुक्रमांक बंद करून त्याच गल्लीतलं पुढचं सातवं दार घ्या आणि वहीत तारीख टाका. वहीची एक झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा, शक्यतो वरच्या मजल्यावर.